माजघरातील तपास

१९९१ सालच्या एप्रिल महिन्यात ब्रिटिश दूरचित्रवाणीवर लागोपाठ दोन रात्री एक गुप्तपोलिसी नाटक दाखविण्यात आले. त्याचे नाव ‘प्राइम सस्पेक्ट’. म्हणजे संशयाचे पहिले बोट ज्याच्याकडे वळते तो मनुष्य. ते लिहिले होते लिंडा ला प्लांट ह्या लेखिकेने, आणि त्यातील प्रमुख भूमिका केली होती हेलन मिरेन ह्या नटीने. लंडनमधील एका भाड्याच्या खोलीत एका तरुण स्त्रीचे प्रेत सापडते. ज्या अधिकाऱ्याकडे तपास असतो तो हृदयविकाराने अकस्मात मरण पावतो. आणि हुद्दा असूनही जिच्या हाती खुनाचा तपास कधी पडू दिलेला नसतो, ती जेन टेनिसन वरिष्ठांपुढे उभी राहून तो मागून घेते. हाताखालच्या लोकांना ही गोष्ट मुळीच रुचत नाही. तपास हाती घेताच तिच्या ध्यानात येते की, मेलेली स्त्री कोण हेच मुळी दप्तरात चुकीचे लिहिले गेले आहे. आरोपी कोण हा प्रश्न नंतरचा. आधी त्या प्रेताला त्याचे खरे नाव मिळाले पाहिजे.

हे नाटक रंगाने उदास आहे. शेरलॉक होम्सच्या गोष्टींत वाचकाला जो बुद्धीचा खेळ पाहावयास मिळतो, तो येथे नाही. धुराने कोंदलेल्या खोल्या, रात्रीबेरात्री येणारे निरोप, मोडत चाललेला संसार, आणि टेबलाच्या पलीकडे बसलेले एखादे घाबरलेले किंवा निर्ढावलेले माणूस, हेच त्याचे साहित्य. टेनिसनचे यश चातुर्यात जितके आहे तितकेच बैठकीत आहे. खून झालेल्या स्त्रियांच्या सोबतिणींशी ती त्यांच्याच मद्यगृहात बसून बोलते. आणि आरोपीच्या घरात त्याची म्हणून राहणारी जी बाई इतके दिवस त्याची पाठराखण करीत असते, तिचे मौन अखेर टेनिसनसमोरच सुटते. पुढे २००६ सालापर्यंत ह्या मालिकेचे ७ भाग झाले. शेवटच्या भागात टेनिसन मद्याच्या आहारी गेलेली, एकाकी अशी सेवानिवृत्त होते. लेखिकेने ही व्यक्ती निव्वळ कल्पनेने उभी केलेली नाही. लंडनच्या पोलीसदलात त्या काळी ह्या हुद्द्यावर ज्या मोजक्या स्त्रिया होत्या, त्यांपैकी जॅकी माल्टन ह्यांच्या अनुभवाचा तिने उपयोग करून घेतला होता.

नाटक म्हणून त्याची योग्यता रसिकांनी ठरवावी. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यातील जी गोष्ट महत्त्वाची वाटते ती निराळी आहे. गुन्ह्याची हकीकत स्त्रीला ठाऊक असते, आणि विचारणारा पुरुष असतो. मधले अंतर कोणी आणि कसे ओलांडावयाचे, हा तो प्रश्न होय. हा प्रश्न लंडनचा नव्हे, दूरचित्रवाणीचाही नव्हे. तो किती जुना आहे हे पाहावयाचे तर नागपुरातील इतवारीत उभे राहूनही पाहता येते.

इतवारी ही जुन्या नागपुरातील बाजारपेठ. रविवारच्या, म्हणजे इतवारच्या बाजारावरून तिला हे नाव पडले. सराफा, कापड, किराणा असे निरनिराळे व्यापार तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. अशा पेठेतील जुन्या घराची रचना ठरलेली असे. पुढे रस्त्यावर दुकान, दुकानाला लागून बैठक, तिच्यामागे माजघर, आणि सर्वांत आत स्वयंपाकघर व न्हाणी. चोरी झाली, भांडण झाले, कोणी अपमृत्यूने गेले, की शिपाई येई तो दुकानापर्यंत. फार तर बैठकीपर्यंत. तेथे त्याला जे सांगावयाचे ते घरातील कर्ता पुरुष सांगे. माजघरात काय घडले हे माजघरातच राही; नाहीतर कासारीण, बोहारीण किंवा सुईण ह्यांच्या पावलांनी ते दुसऱ्या माजघरात जाई, पण बैठकीत कधी येत नसे.

राजवाड्याची गोष्टही ह्याहून वेगळी नव्हती. इतवारीपासून थोड्याच अंतरावर महालात भोसल्यांचा वाडा होता. दुसरे रघूजी भोसले १८१६ सालच्या मार्च महिन्यात वारले, आणि त्यांचा पुत्र परसोजी गादीवर आला. परसोजी दृष्टीने अधू, शरीराने पंगू आणि कारभार पाहण्यास असमर्थ होता. वाड्यातील सत्ता आरंभी रघूजींची राणी बाकाबाई आणि धर्माजी भोसले ह्यांच्या हाती होती. परसोजीचा चुलतभाऊ मुधोजी, ज्याला आप्पासाहेब म्हणत, त्याने धर्माजीला कैद करून कारभार आपल्याकडे घेतला, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. पुढे १ फेब्रुवारी १८१७ रोजी सकाळी परसोजी आपल्या शय्येवर मृतावस्थेत आढळला. आप्पासाहेब त्या वेळी नागपुरात नव्हता. थोड्याच दिवसांपूर्वी तो चांद्याकडे निघून गेला होता.

आजच्या कोणत्याही गुप्तपोलिसी नाटकाचा पहिला प्रवेश ह्याहून निराळा नसतो. बंद दालन, शय्येवर प्रेत, ज्याला लाभ व्हावयाचा तो नेमका परगावी. मग तपास काय झाला? इंग्रजांचा रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स हा सीताबर्डीच्या टेकडीजवळ राहात होता. शहरात कुजबूज झाली, आणि ती त्याच्याही कानावर गेली. परंतु त्या कुजबुजीचा पाठपुरावा त्याने केला नाही. आप्पासाहेब हा तहाने बांधलेला मित्र होता. त्याला राजा म्हणून मान्यता मिळाली, आणि एप्रिलमध्ये तो गादीवर बसला. परसोजीची पत्नी काशीबाई सती गेली. ज्या साक्षीदाराला पहिल्या प्रथम विचारावयाचे, तो साक्षीदार प्रेताबरोबरच चितेवर चढला, आणि तिला काही विचारावे असे कोणाच्याही मनात आले नाही.

पुढे तो मित्र शत्रू झाला. १८१७ सालच्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, डिसेंबरात नागपूर पडले, आणि १८१८ च्या मार्चमध्ये आप्पासाहेबास कैद करण्यात आले. ह्या वेळी मात्र परसोजीच्या मृत्यूची चौकशी झाली, पुरावा गोळा झाला आणि खुनाचा आरोप कागदावर आला. कोणी विषप्रयोग म्हणतात, कोणी गळा दाबल्याचे लिहितात. आरोप खोटा होता असे मानण्यास आधार नाही. पण जी चौकशी राजा मित्र असताना अशक्य होती, ती तो शत्रू होताच वर्षभराने शक्य झाली, ही गोष्ट लक्षात घेतल्यावाचून त्या कागदांची किंमत करता येत नाही. वाड्याच्या आतील माणसांना जे पहिल्या दिवशी ठाऊक असले पाहिजे, ते बाहेर येण्यास सव्वा वर्ष लागले. आप्पासाहेब मे महिन्यात इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटला, आणि १८४० साली जोधपूरच्या आश्रयाला असताना वारला. त्याच्यावर खटला असा कधी चाललाच नाही.

आणि बाकाबाई? आप्पासाहेबाच्या पाडावानंतर रघूजींच्या मुलीचा मुलगा बाजीबा ह्याला तिसरा रघूजी म्हणून दत्तक बसविण्यात आले. त्याचे पालकत्व आणि वाड्याची व्यवस्था बाकाबाईकडे आली, आणि राज्यकारभार जेन्किन्सकडे राहिला. १८५४ साली डलहौसीने राज्य खालसा केले तेव्हा तिने विरोध केला. तरीही १८५७ साली तिने आपले वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकले. १८५८ साली ती वारली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीच्या रस्त्यांवरून जी काळी मारबत मिरवीत नेऊन जाळली जाते, तिची प्रथा १८८१ सालापासून सांगतात, आणि ती मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली बाकाबाईच, अशी लोकसमजूत आहे. लोकांचा राग समजण्यासारखा आहे. मात्र हा निकाल देताना कोणी तिची बाजू विचारली, असे परंपरा सांगत नाही. पन्नास वर्षे त्या वाड्यातील प्रत्येक मृत्यू, प्रत्येक दत्तक आणि प्रत्येक तह जिने आतून पाहिला, त्या बाईची सविस्तर जबानी जर कोणी लिहून घेतली असती, तर भोसल्यांच्या अखेरच्या काळाचा इतिहास आज कितीतरी निराळा वाचावयास मिळाला असता.

माजघरात शिरावयाचे तर तेथे स्त्रीच पाठविली पाहिजे, ही युक्ती आपल्याकडील राजनीतिज्ञांना अगदी प्राचीन काळी सुचलेली होती. शामशास्त्री ह्यांनी १९०९ साली छापून प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रात गुप्तहेरांचे जे वर्ग सांगितले आहेत, त्यांत परिव्राजिका हा एक आहे. उपजीविकेच्या शोधात असलेली, दरिद्री, विधवा, धीट अशी ब्राह्मण स्त्री. अंतःपुरात तिचा मानसन्मान ठेवावा आणि तिने मोठमोठ्या अमात्यांच्या घरी येजा करावी, असे कौटिल्य सांगतो. मुंडित भिक्षुणी आणि शूद्र स्त्रिया ह्यांनाही त्याने हाच नियम लावला आहे. भिक्षुणीला दारात अडविले तर आतली बातमी बाहेर कशी आणावयाची, ह्याचाही विचार त्याने करून ठेवला आहे: कारागीर स्त्रियांकडून, गाण्याच्या शब्दांतून, वाद्यांच्या नादातून. कौटिल्याला स्त्रीच्या दुःखाशी कर्तव्य नव्हते. त्याला राजाची सुरक्षितता पाहावयाची होती. तरीही दार कोठे आहे हे त्याने अचूक ओळखले होते.

इंग्लंडात हीच गोष्ट आधी कादंबरीकारांना सुचली आणि मग पोलिसांना. १८६४ साली लंडनात दोन पुस्तके निघाली. दोहोंची नायिका गुप्तपोलिसाचे काम करणारी स्त्री होती. वास्तवात त्या वेळी स्कॉटलंड यार्डात एकही स्त्री अधिकारी नव्हती, आणि पुढे अर्धशतकभर नव्हती. पहिल्या महायुद्धात पुरुष रणांगणावर गेले तेव्हा कोठे हे दार किलकिले झाले. ग्रँथॅम ह्या गावी १९१५ साली ईडिथ स्मिथ ह्या बाईला अटक करण्याच्या पूर्ण अधिकारासह पोलिसात घेण्यात आले. लंडनच्या पोलीसदलात युद्ध संपता संपता स्त्रियांचे गस्तीपथक निघाले. १९२२ सालच्या काटकसरीत त्यांपैकी बहुतेकींना काढून टाकण्यात आले, आणि ज्या थोड्या राहिल्या त्यांत लिलियन वाइल्स ही होती. गुन्हा-अन्वेषण खात्यात तिला जे काम मिळाले ते फार मर्यादित होते. अत्याचार झालेल्या स्त्रियांच्या आणि मुलांच्या जबान्या तिने लिहून घ्यावयाच्या. त्या जबानीवरून पुढे काय करावयाचे हे ठरविण्याचे काम पुरुषांचे.

ह्या मर्यादित कामाचे मोल काय होते, हे इंग्लंडला १९२८ साली समजले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये हाइड पार्क उद्यानात सर लिओ मनी हे माजी पार्लमेंट-सदस्य आणि सॅव्हिज नावाची २२ वर्षांची एक कामगार तरुणी ह्यांना असभ्य वर्तनाच्या आरोपावरून पकडण्यात आले. मॅजिस्ट्रेटने दोघांनाही सोडून दिले आणि मग पोलिसांच्याच खरेपणाविषयी प्रश्न उभा राहिला. त्याच्या चौकशीसाठी १५ मे रोजी त्या तरुणीला तिच्या कामाच्या जागेवरून स्कॉटलंड यार्डात आणण्यात आले. आणावयास गेलेल्या अधिकाऱ्यांत वाइल्स होती. यार्डात पोचल्यावर मात्र वाइल्सला जाण्यास सांगण्यात आले, आणि त्यानंतर सुमारे ५ तास दोन पुरुष अधिकाऱ्यांनी त्या मुलीला प्रश्न विचारले. दोनच दिवसांनी हा विषय पार्लमेंटात गाजला. चौकशी-मंडळ बसले. त्याच्या सभासदांत एकमत झाले नाही. बहुमताने पोलिसांना दोषमुक्त केले, आणि एका सभासदाने आपला वेगळा अहवाल दिला. परंतु लोकमत शांत झाले नाही, आणि पोलिसांच्या अधिकारांचा व कार्यपद्धतीचा विचार करण्यासाठी त्याच वर्षी एक राजकीय आयोग नेमावा लागला. सारा कोलाहल झाला तो एक बाई खोलीतून बाहेर गेल्यामुळे! वाइल्सने विचारलेल्या एखाद्या चतुर प्रश्नाची तेथे गोष्टच नव्हती. ती नुसती कोपऱ्यात बसून राहिली असती तरी ते ५ तास तसे गेले नसते.

ह्यानंतर लंडनमध्ये स्त्री-पोलिसांची वेगळी शाखा १९७३ साली मुख्य दलात मिळवून टाकण्यात आली. दोन वर्षांनी स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्धचा कायदा झाला. स्त्री अधिकाऱ्याला नायिका करणारी पहिली ब्रिटिश पोलीसमालिका ‘द जेंटल टच’ १९८० सालच्या एप्रिलमध्ये सुरू झाली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बी. बी. सी. ची ‘ज्युलिएट ब्रॅव्हो’. टेनिसन आली ती ह्या वाटेने. त्यामुळे ती जेव्हा खोलीतील टेबलापाशी बसते तेव्हा तिच्या मागे वाइल्सच्या रिकाम्या खुर्चीचा इतिहास असतो, हे तिकडील जाणत्या प्रेक्षकाला सांगावे लागत नाही.

त्याच सुमारास विदर्भात काय घडत होते? २६ मार्च १९७२ च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील, आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील, देसाईगंज येथील पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीला तिच्या भावाच्या तक्रारीवरून आणण्यात आले. मुलगी पोरकी, दुसऱ्यांच्या घरी मोलमजुरी करणारी. वय डॉक्टरांच्या अंदाजाने १४ ते १६. हवालदाराने जबान्या लिहून घेतल्या, मुलीच्या जन्मतारखेचा दाखला आणावयास सांगितले, आणि तो घरी निघून गेला. नातेवाईक बाहेर पडत असता चौकीतील शिपायाने मुलीला आत थांबवून घेतले. दिवे मालविण्यात आले, दार लावण्यात आले. आत तिच्यावर अत्याचार झाला. रक्षण मागावयास आणलेल्या मुलीचे रक्षण करील असे कोणी त्या इमारतीत नव्हते.

पुढचा इतिहास न्यायालयांचा आहे, आणि तो खटला कायद्याच्या पुस्तकांत त्या मुलीच्या नावानेच ओळखला जातो. आज तसे नाव छापण्यास कायद्याने बंदी आहे, आणि ती बंदी ह्याच खटल्यानंतर आली. १९७४ साली चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने मुलीलाच खोटे ठरवून दोघा पोलिसांना सोडले. १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निर्णय फिरविला. भीतीने निमूट राहणे म्हणजे संमती नव्हे, हा भेद नागपूरच्या न्यायमूर्तींनी ओळखला होता. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केल्याचा पुरावा नाही, अशा कारणांवरून आरोपींना पुन्हा मुक्त केले. तेव्हा १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार ह्या चौघा कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांस एक खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रियांच्या सभा व मोर्चे झाले, आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील अत्याचार हा वेगळा व अधिक गंभीर गुन्हा ठरला. अशा खटल्यात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तेच गृहीत धरून चालावे, असे ठरले. नागपूर खंडपीठाने १९७६ साली जे म्हटले होते, त्याच्या जवळ यावयास कायद्याला ७ वर्षे लागली.

मात्र विचारणारा कोण, हा प्रश्न ह्यानेही सुटला नाही. १९७३ सालच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, साक्षीसाठी स्त्रीला तिच्या राहत्या घराखेरीज अन्य ठिकाणी बोलावू नये, अशी तरतूद होती. पण अत्याचाराची फिर्याद स्त्री अधिकाऱ्यानेच लिहून घ्यावी, हा नियम २०१३ साली, दिल्लीतील प्रकरणानंतर झालेल्या दुरुस्तीने आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तो कायम ठेवला आहे. वाइल्सला खोलीबाहेर पाठविण्यात आले त्याला तोवर ८५ वर्षे झाली होती.

दरम्यान महाराष्ट्राच्या पोलीसदलात काही स्त्रिया तपासाच्या खुर्चीवर येऊन बसल्या होत्या. १९८१ साली भारतीय पोलीस सेवेत आलेल्या मीरा बोरवणकर राज्याच्या गुन्हा-अन्वेषण विभागात असताना १९९४ सालचे जळगाव प्रकरण उघडकीस आले. तरुण मुलींची छायाचित्रे काढून, त्यांच्या धाकाने वर्षानुवर्षे त्यांचा छळ करणारी ती टोळी होती. अरविंद इनामदार ह्यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या त्या तपासात बोरवणकर होत्या. अशा प्रकरणात आरोपी शोधणे हे काम सोपे असते. शहरात त्यांची नावे सर्वांना ठाऊक असतात. अवघड असते ते पीडितेच्या घराचे दार. मुलीचे लग्न ठरलेले, सासर मोठे, बाप बाजारात प्रतिष्ठित. अशा घरात शिरून आईच्या देखत मुलीला विचारावयाचे, आणि ती बोललीच तर ते न्यायालयात पुन्हा सांगण्याचे धैर्य तिच्यात टिकवून धरावयाचे. कितीतरी स्त्रिया अखेरपर्यंत पुढे आल्या नाहीत. पुढे २००४ साली बोरवणकर मुंबईच्या गुन्हे शाखेच्या पहिल्या स्त्री-प्रमुख झाल्या.

परंतु ज्या बाईने माजघराचे दार अगदी अक्षरशः ओलांडले, ती पोलिसांत नव्हती. योगायोग असा की, ज्या १९९१ साली इंग्लंडात टेनिसन अवतरली, त्याच साली मुंबईत रजनी पंडित ह्यांनी स्वतःची खाजगी गुप्तहेर-संस्था काढली. त्यांचा जन्म १९६२ साली पालघरचा. वडील शांताराम पंडित हे गुन्हा-अन्वेषण खात्यात होते, आणि महात्मा गांधींच्या खुनाच्या तपासात त्यांनी काम केले होते. रजनीबाईंचे शिक्षण मात्र मुंबईच्या रुपारेल महाविद्यालयात झाले, आणि विषय होता मराठी साहित्य! त्यांचे पहिले प्रकरणही अगदी घरगुती होते. बरोबर काम करणाऱ्या एका बाईच्या घरी पैसे चोरीस जात, आणि त्या बाईचा संशय होता घरात नव्याने आलेल्या सुनेवर. रजनीबाईंनी पाळत ठेवली तेव्हा चोर निघाला घरचाच धाकटा मुलगा. ही गोष्ट लहान आहे म्हणून सोडून देण्यासारखी नाही. त्या घरातील ‘प्राइम सस्पेक्ट’ सून होती, आणि आपल्याकडील किती माजघरांत ती आजही असते, हे कोणत्याही कुटुंबात वाढलेल्या माणसाला सांगावयास नको.

त्यांच्या मुलाखतींतून जी हकीकत सर्वांत प्रसिद्ध झाली ती एका खुनाची आहे. एका स्त्रीवर नवऱ्याचा आणि मुलाचा खून करविल्याचा संशय होता, पुरावा नव्हता. रजनीबाई तिच्या घरी मोलकरीण म्हणून राहिल्या, सुमारे ६ महिने. धुणीभांडी केली, ती आजारी पडली तेव्हा तिची सेवा केली, तिचा विश्वास संपादन केला. ध्वनिमुद्रणयंत्राच्या बारीकशा आवाजाने एकदा संशय आला, आणि त्यांच्या बाहेर जाण्यावर बंधन आले. अखेर ज्या दिवशी तो संशयित पुरुष घरी आला, त्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातील सुरी आपल्याच पायावर पाडून घेतली, मलमपट्टीच्या निमित्ताने बाहेर पडून निरोप पोचविला, आणि दोघेही पकडले गेले. कौटिल्याची परिव्राजिका ह्याहून फार निराळे काय करीत असेल? फरक इतकाच की तिच्यामागे राजा होता.

ह्या फरकाला महत्त्व आहे. टेनिसनच्या मागे कायदा उभा असतो, म्हणूनच तिच्या चुकांचा जाब तिला विचारता येतो. खाजगी गुप्तहेराच्या मागे आपल्याकडे कायदाच नाही. २००७ साली अशा संस्थांच्या नियमनाचे एक विधेयक राज्यसभेत मांडण्यात आले, पण त्याचा कायदा झाला नाही. २०१८ साली दूरध्वनी-संभाषणांच्या नोंदी बेकायदेशीर रीतीने मिळविण्याच्या एका प्रकरणात ठाणे पोलिसांनी ज्यांना अटक केली, त्यांत रजनी पंडित ह्याही होत्या. पुढे त्यांना जामीन मिळाला. त्या आरोपाचा निवाडा न्यायालयाने करावयाचा आहे. पण दुसऱ्याच्या माजघरात कोणी, कोणाच्या सांगण्यावरून आणि कोठवर शिरावे, ह्याची रेषा ज्या व्यवसायात कायद्याने आखलेलीच नाही, तेथे असे प्रसंग येणारच.

आपल्याकडील दूरचित्रवाणीने ह्या दोन्ही वाटा चोखाळून पाहिल्या आहेत. दूरदर्शनवर १९८९ साली सुरू झालेली कविता चौधरी ह्यांची ‘उडान’ ही मालिका ‘प्राइम सस्पेक्ट’च्या दोन वर्षे आधीची. ती त्यांच्या वडील बहिणीच्या, म्हणजे पोलीस अधिकारी कांचन चौधरी ह्यांच्या, जीवनावर रचलेली होती. तिचा सूर आशेचा होता. मुलगी अधिकारी होते, ह्यातच त्या काळच्या प्रेक्षकाला कृतार्थता वाटे. मराठीत २०१४ साली आलेल्या ‘अस्मिता’ मालिकेची नायिका खाजगी गुप्तहेर होती. ती भूमिका मयूरी वाघ ह्यांनी केली. आणि ब्रिटिश मालिकांच्या उदास जातकुळीला सर्वांत जवळची म्हणावयाची ती २०१७ सालची ‘रुद्रम्’. गिरीश जोशी ह्यांचे लेखन, भीमराव मुडे ह्यांचे दिग्दर्शन, आणि मुक्ता बर्वे ह्यांची भूमिका. तिची नायिका ना पोलीस, ना व्यावसायिक गुप्तहेर. आपल्या कुटुंबाच्या मृत्यूचे कारण शोधीत निघालेली ती एक गृहिणी आहे. मराठी लेखकाला तपास करणारी स्त्री दिसली ती दोनदा पोलीस ठाण्याच्या बाहेरच, हा केवळ योगायोग मानता येईल काय?

इतवारीच्या सराफ्यात रात्री पेढीवर पहारा करणारा मनुष्य ज्या खाजगी संस्थेकडून येतो, तिला २००५ सालच्या कायद्याप्रमाणे परवाना घ्यावा लागतो, आणि त्या मनुष्याची पूर्वचौकशी करून त्याला शिकवून तयार करावे लागते. त्याच पेढीच्या मागच्या घरात मोलकरीण म्हणून एखादी गुप्तहेर स्त्री ६ महिने राहावयाची झाली, तर तिला असा कोणताही परवाना लागत नाही.